पायथन शिकायला सुरुवात करतोय, एडिटर कोणता घेऊ? (जुना लॅपटॉप, ४ जीबी रॅम)

कृष्णाकाठ | रविवार, सकाळी १०.४०

नमस्कार मंडळी. मी सांगलीत हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब लिहितो. बी.कॉम. झालंय, टॅली आणि एक्सेल रोजच्या हातातलं. हंगामात दिवसाला शंभरावर पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या मालाचे हिशेब, निघतात. प्रत्येक पोत्याचं वजन, दर, त्यातून हमाली आणि तोलाई वजा. एखाद्या शेतकऱ्याच्या पट्टीत पंधरा-वीस रुपयांचा फरक निघाला की तो शोधण्यात रात्र जाते, आणि तो माणूस समोर बाकावर बसून असतो. हे काम पायथनमध्ये चोख होईल असं एका मित्राने सांगितलं, म्हणून शिकायचं मनावर घेतलं.

तीन आठवडे झाले, अजून एक ओळसुद्धा धड चाललेली नाही. पहिल्या व्हिडिओत व्हीएस कोड घ्या म्हणाले, दुसऱ्यात पायचार्म, तिसऱ्यात ज्युपिटर. चौथ्यात सांगितलं की खरा प्रोग्रामर विमच वापरतो. एक मोठं आयडीई (लिहिणं, चालवणं, चुका शोधणं एकाच खिडकीत देणारा प्रोग्राम) टाकून पाहिलं तर ते उघडायलाच सहा-सात मिनिटं लागली. दुसऱ्यात खाली पट्टीवर 'इंटरप्रिटर निवडा' असं आलं. इंटरप्रिटर म्हणजे काय आणि तो कुठून निवडायचा, इथेच गाडी अडली.

लॅपटॉप विंडोज १० चा, ४ जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क. नवा घेणं सध्या जमणार नाही. रोज रात्री तास-दीड तास मिळतो. चुकीचा एडिटर घेतला तर पुढे सगळं पुन्हा शिकावं लागेल का, ही भीती मनातून जात नाही. कृपया मार्गदर्शन करा.

ताकभात | रविवार, सकाळी ११.०५

व्हीएस कोड घ्या आणि विषय संपवा. फुकट आहे, सगळ्या भाषांना चालतो, पुढे नोकरीतही बहुधा तोच भेटेल. अडलात तर मदत करणारेही त्याचेच जास्त सापडतील.

पाटीपेन्सिल | रविवार, दुपारी ३.२०

कृष्णाकाठ, तुमची भीती आधी दूर करतो. एडिटर बदलला म्हणून भाषा पुन्हा शिकावी लागत नाही. तुम्ही लिहिता ती फाइल म्हणजे साधा मजकूर. ती आज एकात उघडा, उद्या दुसऱ्यात, आतलं अक्षरही हलत नाही. वहीला कव्हर कुठलं घातलं यावर आतला हिशेब बदलत नाही, तसंच.

मी लातूरकडच्या एका महाविद्यालयात गेली अठरा वर्षं प्रोग्रामिंग शिकवतो. प्रश्न एडिटरचा वाटतो, पण मुलं अडतात ती वेगळ्याच ठिकाणी, हे मला टर्बो सीने, म्हणजे सी भाषा लिहून चालवण्याच्या जुन्या प्रोग्रामने, शिकवलं. आपल्याकडच्या दोन पिढ्यांनी ती निळी खिडकी पाहिली आहे. बोरलँडचं टर्बो सी १९८७ चं, टर्बो सी++ १९९० चं. सी++ चं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण आलं १९९८ मध्ये, म्हणजे ती खिडकी प्रमाणाच्याही आधीची. आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर ती थेट चालत नाही, डॉसबॉक्समध्ये (जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) घालून चालवावी लागते. तरीही अनेक प्रयोगशाळांमध्ये ती अजून आहे, कारण प्रात्यक्षिकाच्या वह्या तिच्यावर बेतलेल्या आहेत.

त्या खिडकीचा एक गुण मी मनापासून मानतो. पहिल्याच तासाला मूल एफ२ दाबून जतन करायचं, कंट्रोल आणि एफ९ दाबून प्रोग्राम चालवायचं. मधे काही बसवायचं नाही, काही निवडायचं नाही. पण त्या सोयीची किंमत पुढे द्यावी लागायची. लिहिणारा कागद, त्याचं भाषांतर करणारा कंपायलर आणि उत्तर दाखवणारा पडदा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या मुलाला तीन वर्षांत कधी कळायचंच नाही. त्याला वाटायचं सी म्हणजेच ती निळी खिडकी. मग जीसीसी हा दुसरा कंपायलर समोर आला की 'सर, क्लिअर स्क्रीन चालत नाही, सी बदललं का?' असा प्रश्न यायचा. सी बदललेलं नसायचं. पडदा पुसण्याचं ते फंक्शन बोरलँडचं स्वतःचं होतं, भाषेचं नव्हतंच. तसंच पूर्णांकाचं. तिथे पूर्णांक १६ बिटांचा, म्हणजे ३२७६७ च्या पुढे जागा नाही. २०० गुणिले २०० केलं की उत्तर उणे २५५३६ यायचं, आणि मूल स्वतःच्या गणितावर संशय घ्यायचं. एक मुलगी यावरून रडत घरी गेलेली मला आठवते. तिचं गणित बरोबर होतं.

तेव्हापासून नवशिक्याच्या एडिटरला मी एकच प्रश्न विचारतो. आत काय चाललंय ते हा मला दाखवतो की झाकून ठेवतो?

त्या कसोटीवर तुमच्यासाठी माझं उत्तर थॉनी. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात नवशिक्यांसाठीच तो बनवला गेला. हलका आहे, तुमच्या लॅपटॉपवर चालेल. विंडोजच्या थॉनीसोबत पायथन आतच येतो, त्यामुळे इंटरप्रिटर निवडण्याची अडचण पहिल्या दिवशी येणारच नाही. वर फाइल, खाली उत्तर, आणि व्ह्यू मेनूत 'व्हेरिएबल्स' वर खूण केली की प्रत्येक नावात या क्षणी काय साठवलंय ते बाजूला दिसतं.

फक्त त्याआधी एकदा, एकदाच, एक काम करा. पायथन वेगळा टाका, साध्या नोटपॅडमध्ये एक ओळ लिहा आणि काळ्या खिडकीतून, म्हणजे कमांड प्रॉम्प्टवरून, ती चालवा. तास गेला तरी चालेल. इंटरप्रिटर म्हणजे काय ते त्या तासात कळेल: तुमची फाइल वरून खाली वाचून तसं वागणारा वेगळा प्रोग्राम. एडिटर फक्त लिहून घेतो.

उलटा_स्लॅश | रविवार, रात्री ९.१५

पाटीपेन्सिल सरांशी सहमत. 'खरा प्रोग्रामर विमच वापरतो' यावर मात्र लिहायला हवं. मी बारा वर्षं सर्व्हर सांभाळतो आणि रोज विमच वापरतो.

विमचा पूर्वज व्हीआय हा बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कलीत लिहिला. त्यांच्यापुढे जो टर्मिनल होता त्याच्या कीबोर्डवर बाणाच्या खुणा एच, जे, के, एल या अक्षरांवरच छापलेल्या होत्या. म्हणून आजही विममध्ये त्या चार अक्षरांनी कर्सर हलतो. जोडणी इतकी संथ होती की कमीत कमी कळांत जास्तीत जास्त काम होणं ही गरज होती. ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये विम प्रसिद्ध केला आणि २०२३ मध्ये जाईपर्यंत तो सांभाळला. विम फुकट देताना ते युगांडातल्या अनाथ मुलांसाठी मदत करा अशी विनंती करायचे. विम उघडला की पहिल्याच पडद्यावर ती ओळ आजही दिसते. या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

तरीही नवशिक्याला मी विम सुचवणार नाही. भाषा नवी, विचार करण्याची पद्धत नवी, त्यात बोटांनाही नवं वळण लावायचं. तीन ओझी एकदम कशाला? आमच्याकडे विम टिकून आहे कारण सर्व्हरवर माऊस नसतो, खिडक्या नसतात आणि व्हीआय बहुतेक सगळीकडे आधीच असतो. तुमच्या दुकानात ही परिस्थिती नाही. सहा महिन्यांनी हौस वाटली तर 'विमट्यूटर' नावाचा अर्ध्या तासाचा धडा विमसोबतच येतो, तो करा. तोवर चुकून विम उघडलाच तर एस्केप दाबा, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर. बाहेर याल.

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री १०.५०

सर, सांगितलं तसं केलं. पायथन टाकला. नोटपॅडमध्ये एक ओळ लिहिली, फाइलला 'पहिली डॉट पीवाय' नाव दिलं. काळ्या खिडकीत पायथन टाइप केलं तर ॲपचं दुकान उघडतंय. पूर्ण पत्ता देऊन पायथन चालवला तर अशी फाइलच नाही म्हणतो. फाइल तर फोल्डरमध्ये समोर दिसतेय!

निवडुंग | सोमवार, रात्री ११.२०

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पायथन बसवताना पहिल्याच पानावर तळाशी पाथबद्दलची एक चौकट असते, तिच्यावर खूण करायची राहिली असेल. नुसतं 'पायथन' म्हटल्यावर तो कुठल्या फोल्डरमध्ये शोधायचा, हे विंडोजला त्या खुणेमुळे कळतं. काढून पुन्हा टाका आणि खूण करा.

दुसरी गोष्ट: नोटपॅडने तुमच्या नावापुढे गुपचूप 'डॉट टीएक्सटी' जोडलंय. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवतं, म्हणून दिसत नाही. फोल्डरच्या व्ह्यू टॅबमध्ये फाइल एक्स्टेन्शनवर खूण करा, खरं नाव दिसेल.

आणि एक, वर्डमध्ये कधीही कोड लिहू नका. वर्ड सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतो आणि पायथनला ती कळत नाहीत.

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ११.३५

चालला! काळ्या खिडकीत 'हळद' असं उमटलं. मुलाला झोपेतून उठवून दाखवलं.

आता थॉनी टाकलाय. तो पंधरा-वीस सेकंदांत उघडतो. पट्टीचा पहिला भाग लिहिला, दोन पोत्यांची वजनं विचारायची आणि बेरीज दाखवायची. ५० आणि ४८ दिलं तर उत्तर आलं ५०४८. चूक अशी कुठलीच दाखवत नाही, लाल अक्षरं नाहीत. तासभर बघतोय.

पाटीपेन्सिल | बुधवार, सकाळी ७.१०

झकास चूक केलीत, ही प्रत्येकाने एकदा करावी. आता उत्तर मी सांगत नाही, थॉनी सांगेल. नुसता एफ५ न दाबता कंट्रोल आणि एफ५ दाबा, मग एफ६ ने एकेक ओळ पुढे जा. उजवीकडे व्हेरिएबल्सच्या तक्त्यात ५० कसा लिहिलेला दिसतो ते नीट बघा.

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री १०.१५

अवतरणचिन्हात आहे. '५०'. म्हणजे तो आकडा नाही, मजकूर आहे! पायथनने दोन मजकूर शेजारी चिकटवले. इनपुटने घेतलेली प्रत्येक गोष्ट मजकूरच असते, हे व्हिडिओत ऐकलं होतं पण तेव्हा डोक्यावरून गेलं. इंटमध्ये (मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन) घातल्यावर ९८ आलं.

सर, तीन आठवड्यांत जे कळलं नाही ते दोन मिनिटांत दिसलं. मनापासून आभार.

ताकभात | गुरुवार, दुपारी १.३०

मी वर दोन ओळींत उत्तर दिलं, ते अपुरं होतं. पण व्हीएस कोडची बाजू नीट मांडायला हवी, कारण कृष्णाकाठ कधी ना कधी तिकडे येतीलच.

मायक्रोसॉफ्टने तो एप्रिल २०१५ मध्ये जाहीर केला. त्याआधी प्रत्येक एडिटरने प्रत्येक भाषेची समज स्वतः लिहायची अशी पद्धत होती. दहा एडिटर आणि वीस भाषा असतील तर तेच काम दोनशे वेळा. २०१६ मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल आला. भाषा समजणारा प्रोग्राम वेगळा चालतो, एडिटर त्याला विचारतो की या ठिकाणी काय लिहिता येईल, हे नाव कुठे ठरवलंय, इथे काही चुकतंय का. एकदा लिहिलेला भाषेचा सर्व्हर सगळ्या एडिटरांना चालतो. आज विमलासुद्धा त्याचा फायदा होतो. म्हणजे तो पुढारला तसे इतरही पुढारले.

त्याचा मूळ कोड एमआयटी परवान्याखाली खुला आहे. वापराची माहिती कंपनीकडे जाऊ नये असं वाटत असेल तर ती सोय सेटिंगमध्ये बंद करता येते, किंवा व्हीएसकोडियम नावाची वेगळी बांधणी घेता येते.

नवशिका अडतो तो एका गोष्टीवर: व्हीएस कोडसोबत पायथनही येत नाही आणि सी चा कंपायलरही येत नाही. सी चं एक्स्टेन्शन (एडिटरला जोडायची पुरवणी) टाकलं की झालं असं वाटतं, पण जीसीसी वेगळा बसवावा लागतो. माझा धाकटा भाऊ यात चार दिवस अडकला होता. सरांची ती कागद, इंटरप्रिटर आणि पडद्याची गोष्ट ज्याला आधी कळली त्याला हे अर्ध्या तासाचं काम आहे.

पाटीपेन्सिल | गुरुवार, संध्याकाळी ६.४५

ताकभात, छान लिहिलंत. एक जोड देतो. २०२१ मध्ये गिटहब कोपायलट हा एआय मदतनीस आला आणि आता बहुतेक एडिटरांत पुढची अख्खी ओळ राखाडी अक्षरात सुचते. शिकायच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत ती सोय बंद ठेवा, हे मी माझ्या वर्गात अगदी आग्रहाने सांगतो. कृष्णाकाठांना ५०४८ दिसलं म्हणून मजकूर आणि आकड्यातला फरक कळला. टॅब दाबून इंटसकट ओळ आली असती तर प्रोग्राम चालला असता आणि तो फरक निसटला असता. नाव पूर्ण करून देणं वेगळं, ते राहू द्या. विचार पूर्ण करून दिलेला मात्र नको.

कंपायलर चूक दाखवतो ते वाचायचा सरावही असाच हळूहळू होतो. चूक इंग्रजीत असते म्हणून आपली मुलं ती न वाचताच खिडकी बंद करतात. शेवटची ओळ आधी वाचा, मग ओळीचा क्रमांक बघा. पायथनच्या बहुतेक चुकांना एवढं पुरतं.

श्रवण | शुक्रवार, सकाळी ९.०५

हा धागा सुरुवातीपासून वाचला. मला दिसत नाही, मी एनव्हीडीए या पडदावाचकावर (पडद्यावरचं वाचून ऐकवणाऱ्या प्रोग्रामवर) काम करतो. तो फुकट आहे आणि ई-स्पीकच्या आवाजात मराठीही वाचतो. गेली सहा वर्षं मी पायथनमध्ये कमावतो.

सर, तुम्ही 'दाखवतो की झाकतो' ही कसोटी सांगितलीत. माझ्यासारख्यासाठी थॉनी सगळंच झाकतो. थॉनी आणि पायथनसोबत येणारा आयडल, दोघांच्याही खिडक्या टीके नावाच्या साधनाने बनवलेल्या आहेत, आणि त्यांच्यातलं पडदावाचकापर्यंत पोचत नाही. मी जेव्हा शिकायला लागलो तेव्हा वर्गात आयडल होता. बाकीचे टाइप करायचे आणि मी पूर्ण शांतता ऐकायचो. दोष माझ्यात आहे असं मला दोन महिने वाटत होतं. शेवटी एका मित्राने नोटपॅड++ टाकून दिला आणि त्या दिवशी मी माझी पहिली ओळ ऐकली.

दृष्टिहीन मुलांसाठी सांगतो. सुरुवात नोटपॅड++ आणि कमांड प्रॉम्प्टवर करा. दोन्ही नीट वाचले जातात. महिन्याभराने व्हीएस कोडवर या. त्याच्या निर्मात्यांनी पडदावाचकावर खरंच मेहनत घेतली आहे. ऑल्ट आणि एफ१ दाबलं की त्याची मदत वाचून दाखवतो, एफ८ ने पुढच्या चुकीवर जाता येतं, चूक असलेल्या ओळीवर कर्सर आला की वेगळा आवाज देता येतो.

पायथनचं सगळ्यात अवघड म्हणजे डावीकडची मोकळी जागा. कुठल्या ओळी एका गटात हे तीच ठरवते. दिसणाऱ्याला ती दिसते. एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये ओळीचं इंडेन्टेशन बोलून किंवा सुरांनी सांगण्याची सोय आहे. मी सूर ठेवतो. ओळ जितकी आत तितका सूर चढतो. आता लूप (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींचा गट) कुठे संपला हे मला कानाने कळतं, आणि ते ऐकायला मला खूप आवडतं.

पाटीपेन्सिल | शुक्रवार, दुपारी १२.३०

श्रवण, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. अठरा वर्षांत माझ्या वर्गात दोन दृष्टिहीन मुलं होती आणि दोघांनी दुसऱ्या सत्रात विषय सोडला. त्यांना विषय झेपला नाही असं मी समजत आलो. प्रयोगशाळेच्या सगळ्या मशीनवर नोटपॅड++ आणि एनव्हीडीए सोमवारी टाकून घेतो. बसवताना अडचण आली तर तुम्हाला इथेच विचारेन.

श्रवण | शुक्रवार, दुपारी १२.५०

जरूर विचारा सर. एनव्हीडीए टाकल्यावर आधी हेडफोन तपासा, प्रयोगशाळेत तेच नसतात.

रातराणी | शनिवार, संध्याकाळी ५.२०

माझ्याकडे लॅपटॉपच नाहीये. अकरावीला आहे, फोन अँड्रॉइडचा. फोनवर शिकता येईल का, की थांबू?

निवडुंग | शनिवार, संध्याकाळी ७.००

थांबू नकोस. मी स्वतः पहिले आठ महिने फोनवरच शिकलो. पायड्रॉइड ३ नावाचं ॲप आहे, त्यात पायथन आतच असतो आणि नेट नसतानाही चालतो. सुरुवातीला तेवढं बस आहे. पुढे टर्मक्स टाक, ते एफ-ड्रॉइड या ॲपच्या वेगळ्या दुकानावरून घे. त्यात लिनक्सची काळी खिडकी मिळते आणि नॅनो नावाचा सोपा एडिटर.

फोनच्या कीबोर्डने ओळीचं पहिलं अक्षर आपोआप मोठं केलं की प्रिंट चालत नाही आणि 'असं नाव माहीत नाही' अशी चूक येते. आधी ती सवय कीबोर्डच्या सेटिंगमधून बंद कर. जमलं तर ओटीजीच्या छोट्या जोडणीने घरातला कुठलाही जुना यूएसबी कीबोर्ड फोनला लाव. मला तेव्हा कळलं की माझा निम्मा वेळ कंस शोधण्यात जात होता.

कधी कॉलेजच्या संगणकावर बसायला मिळालं तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघ. सी, सी++, लिनक्स यांचे धडे मराठीतून ऐकता येतात. सी च्या धड्यांत साधा जीएडिट आणि टर्मिनल वापरलाय, त्यामुळे कुठल्याही एडिटरवर अडत नाही.

कृष्णाकाठ | दुसरा रविवार, रात्री ९.४०

रातराणी, शुभेच्छा. माझं थोडं पुढे गेलंय, पण एक विचित्र अडचण आली. मालाची नावं मराठीत लिहिलेली एक मजकूर फाइल केली आणि पायथनने वाचायला घेतली. फाइलमध्ये नुसतं 'हळद' असेल तर अगम्य चिन्हं छापतो, चूक दाखवत नाही. त्यात 'ज्वारी' लिहिलं की प्रोग्रामच थांबतो, चार्मॅप का कायसं म्हणतो. 'बेदाणा' पुन्हा अगम्य. एका शब्दाला एक न्याय, दुसऱ्याला दुसरा, हे कसं?

उलटा_स्लॅश | दुसरा रविवार, रात्री ११.१०

उत्तम निरीक्षण. तुम्ही शब्द बदलून पाहिलेत म्हणून कारण लगेच कळतं.

तुमची फाइल यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीने जतन झाली आहे. त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं. पण इंग्रजी विंडोजवर पायथन फाइल उघडताना, तुम्ही काही सांगितलं नाही तर, १२५२ क्रमांकाची जुनी युरोपीय सारणी वापरतो. तिच्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर, म्हणून 'ह' ची तीन भलतीच चिन्हं होतात. आता गंमत बघा. त्या सारणीत पाच जागा रिकाम्या आहेत. हलन्ताचा शेवटचा बाइट नेमका त्यांतल्या एका रिकाम्या जागेवर पडतो. 'ज्वारी'त जोडाक्षर आहे, जोडाक्षर म्हटलं की हलन्त आला, म्हणून पायथन तिथे थांबतो. 'हळद' आणि 'बेदाणा' यांत तसं काही नाही, म्हणून ते चुकीचे का होईना, पार होतात. ऱ्हस्व उकाराचंही हलन्तासारखंच होतं. 'कुळीथ' लिहून बघा, थांबेल.

उपाय एका शब्दाचा. ओपनमध्ये फाइलच्या नावानंतर एन्कोडिंग म्हणून यूटीएफ-८ द्या. वाचताना द्या, लिहितानाही द्या. मराठीत काम करणाऱ्याने ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी. एडिटर बदलून हे सुटत नाही, कारण यात त्याचा हात नाही.

निवडुंग | दुसरा रविवार, रात्री ११.२५

यात एक भर. एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' (सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) म्हणून जतन केलं की फाइलच्या अगदी सुरुवातीला न दिसणारं एक चिन्ह येतं. मग पहिल्या रकान्याचं नाव जुळत नाही. तिथे एन्कोडिंगला यूटीएफ-८ च्या पुढे रेघ देऊन 'सिग' लिहा.

आणि तुमच्या माणसांनी वजनं देवनागरी आकड्यांत टाइप केली तरी घाबरू नका. इंटला '५०' देवनागरीत दिलं तरी तो ते ५० म्हणूनच वाचतो. कोडमध्ये थेट लिहिताना मात्र इंग्रजी आकडेच हवेत.

ताकभात | सोमवार, सकाळी ८.३०

देवनागरी आकड्यांचं मला आजवर माहीत नव्हतं. आत्ता करून पाहिलं, खरंच चालतं.

उलटा_स्लॅश | सोमवार, सकाळी ९.००

कृष्णाकाठ, तुमच्या पहिल्या प्रश्नातली भीती अजून थोडी शिल्लक असेल तर हेही ऐका. गिटहबचा ॲटम नावाचा एडिटर होता, २०१४ मध्ये आला. माझ्या ओळखीतल्या अनेकांनी त्याच्यावर जीव टाकला होता. डिसेंबर २०२२ मध्ये तो बंद झाला. मीही त्यात चार वर्षं काम केलं होतं. दुसऱ्या एडिटरात बसायला मला एक आठवडा लागला आणि माझ्या एकाही प्रोग्रामला धक्का लागला नाही.

कृष्णाकाठ | तिसरा शनिवार, रात्री १२.१०

आज दुकानात पहिल्यांदा खरी पट्टी चालवली. एका शेतकऱ्याची अठरा पोती होती. सीएसव्हीतून वजनं घेतली, दर लावला, हमाली आणि तोलाई वजा केली. एक्सेलच्या आकड्याशी ताडून पाहिलं तर २४ रुपयांचा फरक. मला वाटलं माझाच प्रोग्राम चुकला. थॉनीत एकेक ओळ पुढे नेत गेलो, तक्ता बघत गेलो. अकराव्या पोत्यापर्यंत सगळं जुळत होतं. मग एक्सेल उघडलं. बाराव्या ओळीतलं तोलाईचं सूत्र कुणीतरी पुसून हाताने आकडा टाकला होता. प्रोग्राम बरोबर होता.

मालकांना दाखवलं. ते काही बोलले नाहीत, शेतकऱ्याला बोलावून २४ रुपये दिले आणि मला म्हणाले, गेल्या महिन्याच्या पट्ट्यापण घाल यात.

त्या पट्ट्या ४१ वेगवेगळ्या फाइलींत आहेत. सगळ्या एकामागून एक उघडून वाचायला कसं सांगायचं? उद्या रविवार आहे, दुपारी बसणार आहे.

निवडुंग | तिसरा शनिवार, रात्री १२.२५

ग्लॉब नावाचं मॉड्यूल (तयार फंक्शनांचा संच) बघा, ते फोल्डरमधल्या फाइलींची यादी देतं आणि पायथनसोबतच येतं. उद्या दुपारी मीही आहे इथे.